जाड की बारीक?

लहानपणी गिरणीत दळण घेऊन गेलं की गिरणीवाले काका डबा हातात घेतानाच विचारायचे, "जाड की बारीक?" आणि उत्तर आईनं घरूनच पाठ करून पाठवलेलं असायचं. ज्वारी बारीक, गहू मध्यम, हरभऱ्याची डाळ लाडवांना असेल तर रवाळ, भज्यांना असेल तर बारीक. वर आणखी एक ताकीद असायची, की आपलं गव्हाचं दळण गव्हावरच टाकायला सांग, आधी कुणाची मिरची-मसाल्याची भाजणी निघाली असेल तर थांब, घाई करू नकोस. उपासाच्या भाजणीच्या वेळी तर आई स्वतः जायची. मी पस्तिशी ओलांडल्यावर एस्प्रेसोसाठी, म्हणजे दाबानं उतरवलेल्या घट्ट कॉफीसाठी, बिया दळायचा ग्राइंडर शोधायला बसले तेव्हा सहा महिने जे काही वाचलं, बघितलं, लोकांना विचारलं, त्यातलं निम्मं मला त्या गिरणीच्या दारात उभं राहूनच कळलेलं होतं, फक्त तेव्हा ते कॉफीचं आहे हे माहीत नव्हतं.

आमच्या घरी कॉफी म्हणजे दूध, साखर, चिकोरीवाली पावडर आणि वरून किसलेलं जायफळ. उपासाला चालते म्हणून एकादशीला, आणि पाहुणे चहा घेत नसतील तर. तिच्याविषयी मला आजही माया आहे, पावसाळ्यात संध्याकाळी सासूबाई ती करतात तेव्हा मी दुसरं काही मागत नाही. पण अडीच वर्षांपूर्वी ऑफिसातली एक मैत्रीण बदली होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि जाताना तिचं छोटं एस्प्रेसो मशीन मला अर्ध्या किमतीत देऊन गेली. आमचा सिंहगड रोडवरचा वन बीएचके, ओटा सव्वासात फूट, त्यावर गॅस, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, तेलाची बरणी, आणि आता हे मशीन.

मशीनसोबत दोन बास्केट होत्या, म्हणजे ज्यात कॉफीची पूड भरतात त्या स्टीलच्या जाळीच्या वाट्या. एकीला आतून जाळी पण बाहेरून तळाला एकच टाचणीएवढं भोक, दुसरीला तळभर बारीक भोकं. पहिलीत कुठलीही पूड घाला, ते एकटं भोकच दाब तयार करतं आणि वर फेस येतो. मी चार महिने त्याच फेसावर खूश होते. मग एकदा मैत्रिणीशी फोनवर बोलताना ती म्हणाली की अगं दुसरी बास्केट वापरून बघ, खरी कॉफी त्यात कळते. मी दुकानातून दळून आणलेली तीच पूड दुसरीत घातली तर पाणी आठ सेकंदांत धो धो खाली आलं, रंग चहासारखा, चव आंबट आणि पाणचट. मशीन तेच, पाणी तेच, पूड तीच. तेव्हा लक्षात आलं की इतके दिवस ते भोक माझ्या दळणाची चूक झाकत होतं.

साहजिकच पहिला प्रयोग मिक्सरवर केला. चटणीच्या भांड्यात बिया घालून थांबत थांबत फिरवल्या, बोटांना बारीक लागल्या. पण शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, उतरायला एकदा बारा सेकंद, एकदा पंचेचाळीस, काही ताळमेळ नाही. शेवटी एका रविवारी मी पिठाची चाळणी घेतली, खाली पेपर पसरला आणि ती पूड चाळली. खाली पडली ती अगदी धूळ, बोटाच्या रेषांत भरणारी. आणि चाळणीत उरले ते लापशीच्या रव्यासारखे कण, काही तर चक्क अर्धवट फुटलेले दाणे. मधलं, ज्याला आपण "एकसारखं" म्हणतो, ते फारच थोडं. मिक्सरचं पातं बीला मारतं, दळत नाही. जी बी पात्याखाली आली ती पुन्हा पुन्हा मार खाते आणि जी भांड्याच्या कडेला चिकटली ती सुटते. धुळीतून कडवटपणा लगेच उतरतो, रव्यातून नीट काही उतरतच नाही, आणि एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही का लागतंय हे कोडं मला त्या पेपरवर सुटलं.

एस्प्रेसोला हे इतकं का लागतं ते सांगते, कारण हे कळल्याशिवाय ग्राइंडरवर एवढे पैसे घालणं कुणालाही वेडेपणाच वाटेल. साधारण हिशोब असा की १८ ग्रॅम पूड, तिच्यातून ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद, आणि पाण्याचा दाब ९ बार, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या नऊपट. फिल्टर कॉफीत पाणी आपल्या वजनानं झिरपतं, त्याला वेळच वेळ असतो, थोडं जाड-बारीक झालं तरी सांभाळून घेतं. इथं ते रेटलं जातं, आणि त्याला अडवणारं दुसरं काही नसतं, त्या पुडीची चकतीच काय ती अडवते. पूड जाड तर पाणी पळालं. फार बारीक तर थेंबही नाही. आणि एकसारखी नसेल तर पाणी कमकुवत जागा शोधून तिथूनच भोक पाडून निघतं, बांधाला उंदराचं बीळ सापडावं तसं, बाकीची पूड कोरडीच्या कोरडी.

हा दाब पहिल्यापासून नव्हता बरं का. तुरीनच्या अँजेलो मोरिओन्दोनं १८८४ साली वाफेवरच्या यंत्राचं पेटंट घेतलं, मग १९०१ मध्ये मिलानचा लुईजी बेझेरा आला, पण त्या यंत्रांत वाफेचा दाब जेमतेम दीड बारपर्यंत जायचा. अकिले गाजियानं १९३८ मध्ये वेगळ्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि युद्धानंतर त्याची दांड्याची, स्प्रिंगची मशीनं आली, त्यांनी दाब आठ-नऊ बारवर नेला. वरची ती सोनेरी साय, क्रेमा, तेव्हापासूनची. आणि माझ्या मते घरातला सगळा गोंधळही तेव्हापासूनचाच, कारण एवढ्या दाबापुढे टिकेल असं दळण लागायला लागलं. मशीनच्या जाहिरातीत पंधरा बार, वीस बार मोठ्या अक्षरात लिहितात, दळणाबद्दल एक ओळ नसते.

मग मी पहिला हातग्राइंडर घेतला. ऑनलाइन, स्वस्तातला, आणि खाली स्पष्ट लिहिलेलं होतं की एस्प्रेसोला चालतो. नाव सांगत नाही, आणि तो वाईट होता असंही म्हणणार नाही, फिल्टरसाठी आणि मोका पॉटसाठी, म्हणजे गॅसवर ठेवायच्या कॉफीच्या किटलीसाठी, त्यानं उत्तम काम केलं. पण एस्प्रेसोला बसले की असं व्हायचं: सातव्या खुणेवर पाणी पंधरा सेकंदांत खाली, सहाव्या खुणेवर मशीन नुसतं घुमतंय आणि कपात काळे दोन थेंब. सात आणि सहाच्या मध्ये काहीच नाही. मला हवी होती ती जागा नेमकी त्या दोन खुणांच्या मध्ये, आणि तिथं उभं राहायला पायरीच नाही. पूड कमी घालून बघितली, जास्त घालून बघितली, दाबायचा जोर बदलला, जवळजवळ अर्धा किलो बिया गेल्या. परत करायला विचारलं तर वापरलेला माल परत घेत नाही म्हणाले. सगळ्यात जास्त दुःख त्या बियांचं झालं. चिकमगळूरकडच्या कुठल्या तरी डोंगरउतारावर कुणी एकेक लाल फळ वेचून तोडलेलं असतं, वाळवलेलं असतं, कुणी जपून भाजलेलं असतं, आणि शेवटच्या पावलावर, माझ्या ओट्यावर, ते फुकट जातं. हे मला मनापासून लागलं.

त्याच दिवसांत आजीच्या जात्याची आठवण झाली. आजोळ वाईजवळ, पडवीच्या कोपऱ्यात जातं होतं. पीठ तोवर गिरणीतूनच यायचं, पण मेतकूट आणि डाळ भरडणं आजी जात्यावरच करायची. भरडायला बसायच्या आधी ती वरची तळी उचलायला मामाला हाक मारायची आणि मधल्या खुंट्याला कापडाची एक चिंधी गुंडाळायची. मी विचारलं होतं की हे कशाला, तर म्हणाली, "वरचा दगुड वाईच उचलाय पायजे, न्हाईतर डाळीचं पीठ व्हतंय." एवढंच. चिंधीचा एक वेढा जास्त तर डाळ फुटायचीच नाही, एक कमी तर पीठ. ती वेढे मोजत नव्हती, पहिली वैरण घालून दोन फेरे फिरवायची, खाली आलेलं चिमटीत घेऊन बघायची आणि पुन्हा वेढा सोडायची किंवा घट्ट करायची. आणि वर्षा-दोन वर्षांनी जात्याला टाकी लावणारा यायचा, छिन्नीनं दगडाचे खाचे पुन्हा टोकदार करून द्यायचा, कारण गुळगुळीत दगड दळत नाही, नुसता चिरडतो आणि पीठ गरम करतो.

कॉफीचा चांगला ग्राइंडर म्हणजे हेच. दातेरी स्टीलच्या दोन तळ्या, इंग्रजीत त्यांना बर म्हणतात. एक फिरते, एक स्थिर, आणि मधलं अंतर. कोनिकल असेल तर एक शंकू दुसऱ्या कड्यात बसलेला असतो, फ्लॅट असेल तर जात्यासारख्या दोन चकत्या समोरासमोर. साधारणपणे कोनिकलची कॉफी अंगानं भरलेली, दाट लागते आणि फ्लॅटमध्ये चवी वेगवेगळ्या, सुट्या कळतात असं म्हणतात, आणि मी दोन्हीकडची प्यायले आहे, म्हणणं बरंचसं खरं आहे. फ्रान्सच्या प्युजो कंपनीनं १८४० सालीच कॉफीची हातचक्की काढली होती, गाड्या फार नंतर. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कल्याणला प्युजो ३०९ जुळवली जायची, माझ्या काकांना तिचं फार कौतुक होतं. त्यांना हे चक्कीचं सांगितलं तर ते कितीतरी वेळ बोलत राहिले.

शोध घेताना सगळ्यात उपयोगी पडली ती जुन्या वर्तमानपत्राची युक्ती. कुठलाही ग्राइंडर आवडला की त्याची लांबी-रुंदी बघायची, तेवढा कागद कापायचा आणि ओट्यावर चिकटवून आठवडाभर स्वयंपाक करायचा. युरेका मिन्योन, फ्लॉरेन्सच्या जुन्या कंपनीचा, ५५ मिलिमीटरच्या फ्लॅट बरचा मॉडेल मला फार आवडला होता, रुंदीला जेमतेम १२ सेंटीमीटर, पण उंची ३५, आणि आमच्याकडे मशीनच्या बाजूला मसाल्याची मांडणी खाली उतरते. शिवाय वरच्या डब्यात बिया ओतायच्या तर वर हात जायला जागा हवी हे कागद सांगत नाही, ते रिकामा डबा ठेवून बघितल्यावर कळलं. ब्रिटिश निश झिरो, ६३ मिलिमीटरचा कोनिकल, बुटका, गोड दिसणारा, एका वेळेपुरत्याच बिया घालायच्या अशा बेताचा. त्याचा कागद पोळपाटाच्या जागेवर आला. डीएफ ६४, नावातच ६४ मिलिमीटर, त्याचंही तेच. पोळपाट हलवणं मला मान्य नव्हतं. रोज बारा पोळ्या होणाऱ्या ओट्यावर कॉफीनं पोळपाटाला उठवायचं हे मला पटत नाही, आणि कॉम्पॅक्ट या शब्दाचा माझा अर्थ एवढाच आहे की घरातलं दुसरं कुणी त्याच्यामुळे अडता कामा नये.

दुसरा प्रश्न आवाजाचा. मी उठते पावणेसहाला, मुलगी हॉलमध्ये झोपलेली असते आणि हॉल आणि स्वयंपाकघराला दार नाही.

म्हणून पुन्हा हातग्राइंडरकडेच वळले, पण या वेळी काय बघायचं ते कळलेलं होतं. बाहेरचं रूप, डब्याचं लाकूड, हँडलची चमक सगळं बाजूला ठेवलं आणि एकच आकडा सगळीकडे शोधला, की एका क्लिकला, म्हणजे एका खुणेला, आतलं पातं, म्हणजे तो बर, किती सरकतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर स्वस्तातल्या कित्येक ग्राइंडरांची एक खूण जवळपास त्या केसाएवढी उडी मारते. किंगग्राइंडर के ६ ची १६ मायक्रॉन. तैवानच्या वनझेडप्रेसोचा जे-अल्ट्रा ८ मायक्रॉन, आणि पूर्ण एका फेऱ्यात १०० क्लिक. जर्मन कमांदांतेची सी ४० नावाजलेली आहे, तिची पायरी ३० मायक्रॉनच्या आसपास, म्हणून एस्प्रेसोवाले लोक तिला वेगळा भाग बसवून पायरी निम्मी करून घेतात. फिल्टर करणाऱ्याला या आकड्यांनी काही फरक पडत नाही. एस्प्रेसो करणाऱ्यानं मात्र बाकी काही बघितलं नाही तरी चालेल, हे बघावंच. आजीच्या चिंधीचा एक वेढा किती पातळ आहे, एवढाच हा प्रश्न.

मग दांडा. मधला दांडा जितका सरळ आणि न हलणारा, तितकं दोन पात्यांमधलं अंतर चहूबाजूंनी सारखं. स्वस्त ग्राइंडरचं हँडल धरून जरा हलवा, आत लटलट जाणवते, म्हणजे फिरताना एका बाजूला फट मोठी आणि दुसऱ्या बाजूला छोटी होतेय, आणि तोच तो चाळणीवरचा रवा आणि धूळ. चांगल्यात दांडा वर-खाली दोन बेअरिंगांत बसवलेला असतो. पैसे जातात ते इथे, या न दिसणाऱ्या सरळपणात. मोटार असलेल्या ग्राइंडरची किंमत बघताना हे लक्षात ठेवा, त्यात मोटारीचे, गिअरचे, डब्याचे पैसे आहेत, आणि तेवढ्याच पैशात हातग्राइंडर घेतला तर ते सगळे पोलादात आणि घडणीत जातात. छोट्या घरासाठी मी एवढी ठामपणे हातग्राइंडरच्या बाजूनं बोलते ते याच कारणासाठी.

जे-अल्ट्रा घेतला. दिवाळीचा बोनस त्यात गेला, नवऱ्यानं एका शब्दानंही विचारलं नाही, उलट पार्सल आलं तेव्हा मी ऑफिसात होते म्हणून त्यानं ते न उघडता तसंच ठेवलं. ४८ मिलिमीटरचा कोनिकल बर, हँडल दुमडतं, खालचा डबा लोहचुंबकानं चिकटतो. उभा केला तर तांब्याएवढा, आडवा केला तर चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये मावतो.

पहिली सकाळ अजून डोळ्यासमोर आहे. १८ ग्रॅम बिया तोलून घेतल्या, बोटाच्या टोकानं पाण्याचा एक थेंब त्यांच्यात ढवळला, वर झाकण लावलं आणि ओट्याच्या कडेला उभी राहून, ग्राइंडर पोटाशी धरून फिरवायला लागले. सुरुवातीला कडक, दाणे फुटतानाचा कटकट आवाज हातात जाणवतो, मग तो आवाज मऊ होत जातो, आणि पाऊण-एक मिनिटानं हँडल एकदम हलकं होतं, म्हणजे झालं. मुलगी हललीसुद्धा नाही. पहिला शॉट १७ सेकंद. पाच क्लिक बारीक केलं, २३. आणखी तीन क्लिक, २८. असं मी कधी बघितलंच नव्हतं, की मी जेवढं विचारतेय तेवढंच ते उत्तर देतंय. कपात आधी काळसर थेंब, मग उंदराच्या शेपटीसारखी बारीक धार, तपकिरी, हळूहळू मधासारखी होत गेलेली, आणि ३६ ग्रॅमला मी मशीन बंद केलं. त्या बिया आधीच्याच जातीच्या, त्याच भाजणीवाल्याकडच्या होत्या. आधी मला त्यात फक्त कडू आणि आंबट लागायचं. त्या दिवशी गुळाची चव आली, आणि शेवटी संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी, गिळल्यावरही जिभेवर राहिलेलं. मी ओट्यापाशीच उभी राहून तो एवढासा कप संपवला, आणि डबा भरायचा राहिला म्हणून बस चुकली.

तो पाण्याचा थेंब कशाला, हे मला सगळेच विचारतात. कोरड्या बिया दळल्या की घर्षणानं पुडीवर वीज जमते, स्वेटर काढताना केस उभे राहतात ना तशी, आणि मग पूड डब्याला, हाताला, ओट्याला चिकटते, आत अडकून राहते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणाऱ्यांना सोबत घेऊन यावर काम केलं आणि दाखवलं की दळायच्या आधी थोडं पाणी लावलं की ही वीज खूपच कमी होते, गुठळ्या कमी होतात, आणि एस्प्रेसो त्यामुळे जास्त चांगला उतरतो. पुण्यात जुलैमध्ये मला थेंबाची फारशी गरज पडत नाही, हवेतच एवढा ओलावा असतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र विसरले की अर्धा चमचा पूड डब्याच्या भिंतीवर.

आणि अडकून राहणं हाच तर गिरणीतला दुसरा धडा. मोठ्या ग्राइंडरच्या घशात कालची पूड ग्रॅम-दोन ग्रॅम राहते आणि आजच्या कपात येते. कॅफेत दिवसभर दळण चालू असतं, तिथं ते वाहून जातं. घरी दिवसाला दोनच कप, म्हणजे रोज सकाळच्या कपात कालची शिळी पूड. म्हणून घरासाठी तोलून घातलेलं तेवढंच पूर्ण बाहेर काढणारा ग्राइंडर हवा. हातग्राइंडरचा रस्ता वरून सरळ खाली, आडवा बोगदाच नाही, १८ घातले की १८ च्या जवळपासच निघतात. गव्हाचं दळण गव्हावर टाका असं आई का सांगायची ते मला तराजूवर दिसलं.

आता ज्यांनी हातग्राइंडर घेऊ नये त्यांच्याबद्दल. घरात चौघं एस्प्रेसो पिणारे असतील, किंवा रोज पाहुणे असतील, तर घेऊ नका, तिसऱ्या कपाला हात भरून येतो. मनगटाचं, खांद्याचं दुखणं असेल तर अजिबात नको. फिकट भाजलेल्या बिया आवडत असतील तर त्या दगडासारख्या असतात, गडद भाजलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो, हे आधी कुणाच्या तरी ग्राइंडरवर फिरवून बघा. माझी बहीण ठाण्याला असते, तिला संधिवात आहे, तिला मी स्वतः इलेक्ट्रिकच घ्यायला लावला, आणि घेताना पाती, सुटे भाग आणि दुरुस्ती भारतात मिळते का हे आधी विचारायला लावलं, कारण परदेशातून मागवलेली वस्तू बिघडली की किमतीतला फायदा तिथेच संपतो. आणि ज्यांना दूध-साखरेची मोठी कॉफी आवडते, त्यांनी हे काहीच घेऊ नये असं माझं प्रामाणिक मत आहे. चांगली ताजी पूड आणा आणि जायफळ घाला.

बियांबद्दल एवढंच सांगते की त्याही आता जवळ मिळतात. मुंबईत, नागपुरात चांगले भाजणारे आहेत, पिशवीवर भाजल्याची तारीख छापलेली असते, ती नसेल तर मी घेत नाही. बहुतेक बिया कर्नाटकातल्या, बाबा बुदन गिरीच्या परिसरातल्या, जिथं सूफी संत बाबा बुदननी येमेनमधल्या मोखाहून सात बिया आणून लावल्याची गोष्ट सांगतात. आपल्याकडे विदर्भात चिखलदऱ्यालाही कॉफी होते, एकदा तिकडं जाऊन ती झाडं बघायची आहेत. भाजल्यानंतर आठवडाभर थांबते, आतला वायू जरा निघून जाऊ देते, मग पुढचे दोन-तीन आठवडे ती पिशवी रोज थोडी थोडी बदलत जाते आणि तिच्यामागे ग्राइंडरची क्लिकही.

सासूबाईंना या सगळ्याचं सुरुवातीला काही वाटत नव्हतं, त्या त्यांचा चहा घेऊन खिडकीपाशी बसायच्या. एका रविवारी मी नवी पिशवी उघडली होती, शॉट जमत नव्हता, दोन वाया गेले होते. त्या उठून आल्या, डब्यातली पूड चिमटीत घेतली, अंगठ्यानं तर्जनीवर घासली, पुन्हा घासली. म्हणाल्या, "अगं, हे अनारशाच्या पिठासारखं झालंय, इतकं नको. थालीपिठाची भाजणी लागते ना हाताला, तसं कर." मी म्हटलं, "आई, एवढं जाड चालणार नाही हो." तर म्हणाल्या, "भाजणी जाड नसते, भाजणी कसदार असते. करून तर बघ." मी चार क्लिक जाड केलं. सव्वीस सेकंद. त्यांनी चव घेतली, तोंड वाकडं केलं, कडू आहे म्हणाल्या, पण तेव्हापासून नवी पिशवी आली की मी पहिली चिमूट त्यांच्यापुढे धरते. माझ्या बोटांना अजून तेवढं कळत नाही. त्यांनी साठ वर्षं पिठं हाताळली आहेत, कुठल्या पिठाला किती पाणी लागेल हे त्या पीठ ओलं व्हायच्या आधी सांगतात, आणि एस्प्रेसोतही शेवटी पूड पाणी कसं धरते हाच प्रश्न आहे.

त्यांनी एकदाच हट्ट केला, की त्यात जायफळ फिरवून बघू, किती छान बारीक होईल. नाही म्हणताना मला फार जड गेलं. पण जायफळाचं तेल एकदा त्या दात्यांत शिरलं की महिनाभर प्रत्येक कपात तेच, हे सांगितल्यावर त्यांना लगेच पटलं. त्यांच्या माहेरी मसाल्याचं जातं वेगळं होतं.

ग्राइंडर मी पंधरा दिवसांनी उघडते. पाणी लावत नाही, सुक्या ब्रशनं दाते झाडते, कापडानं पुसते, खाचांत बसलेलं कॉफीचं तेल टूथपिकनं काढते. उघडताना पाती कुठल्या क्रमानं निघाली ते ओट्यावर तसंच मांडून ठेवते, मुलगी हल्ली शेजारी स्टुलावर उभी राहून एकेक भाग हातात देते. जोडून झाल्यावर शून्य शोधायचा, म्हणजे पाती एकमेकांना टेकेपर्यंत आवळायचं आणि तिथून क्लिक मोजत मागं यायचं. मोजायचं काम तिचं.

आताची पिशवी भाजून आज चोविसावा दिवस, सकाळचा शॉट बावीस सेकंदांवर आलाय. उद्या दोन क्लिक बारीक.